सव्वा रुपया आणि बारा व्होल्ट

आमच्या गाडीत झोपता येतं, चहा करता येतो, पडदे ओढून रुसून बसता येतं. फक्त वेगात जाता येत नाही. शाळेची जुनी व्हॅन मी विकत घेतली, मागची बाकं काढून दिवाण बसवला, कोपऱ्यात शेगडीची सोय केली आणि तिला कॅम्पर म्हणू लागलो. आमची गल्ली तिला अजून शाळेची व्हॅनच म्हणते. (मी मुलांना सोडायला आलोय असं समजून एका बाईंनी मला महिन्याची फीसुद्धा विचारली होती!)

ही सगळी खटपट बाबांसाठी होती. बाबा बडनेऱ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिली. पण इन्शुलिन सुरू झाल्यापासून त्यांनी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. अमरावतीचा उन्हाळा आणि थंड ठेवायचं औषध, यांचं जमायचं कसं? "मी म्हंजे फ्रिजले बांधलेला माणूस," असं ते हसत सांगायचे. मला ते हसणं अजिबात सहन होत नसे. म्हणून मी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिजचा डबा आणला आणि दोन रात्री चिखलदऱ्याला जायचं जाहीर केलं. आता मागं एक बारा व्होल्टचं सॉकेट तेवढं बसवायचं होतं.

मी दिवाळीच्या माळेची वायर काढली आणि कामाला लागलो. पाच मिनिटं डबा चालला. मग वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वायरला हात लावला.

"ही गरम काहून लागून राह्यली?"

मी म्हणालो, मे महिना आहे, सगळंच गरम लागतं. माझं वाक्य संपायच्या आत तिनं ती वायर उपटली. (लग्नाला बरीच वर्षं झाली की बायको उत्तराची वाट पाहत नाही.) मग तिच्या देखरेखीखाली नव्यानं काम सुरू झालं. आधी बॅटरीची मायनसची तार सोडवली. जाड वायर आणली. पत्र्यातून वायर जाते तिथं रबराची कडी बसवली, म्हणजे धारेनं सोलणार नाही. आणि बॅटरीच्या अगदी जवळ पंधरा ॲम्पियरचा फ्यूज. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले आणि प्रत्येक जोड ओढून पाहू लागले. शेवटी मायनसची तार परत लावली, डबा जोडला, हिरवा दिवा लागला. बाबा उठले. आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बॅग घेऊनच बाहेर आले.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "पूजा नाई केली काय रे?"

आत्या अचलपूरहून एसटीनं खास बाबांना निरोप द्यायला आली होती. जाताना तिला आम्हीच घरी सोडणार होतो. गाडीत नवीन वस्तू बसली आणि तिला हळदकुंकू नाही, हे तिला चालणारच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही थोडा थाट हवाच होता. मी डब्याची पिन काढून सॉकेट मोकळं केलं. उदबत्ती लागली, नारळ फुटला, घंटा वाजली. दक्षिणा सव्वा रुपया. आता चार आणे आणायचे कुठून? पण आत्यानं सव्वा पुरा करायला एक जुनी चवन्नी बटव्यात जपून ठेवली आहे. ती दर पूजेला वाहायची आणि नंतर परत बटव्यात. तिनं रुपया ताटात ठेवला आणि चवन्नी माझ्या हाती दिली. मी ती कुठं ठेवावी? समोर सॉकेटचा छान गोल खळगा! जणू देवानं मापच घेतलं होतं. चवन्नी आत सर्रकन बसली. मी हात जोडले आणि वरून झाकणही लावलं, कुणी नेऊ नये म्हणून.

आरती संपली. झाकण उघडून मी डबा जोडला, तर दिवा नाही. पिन पुरती आत जाईना, म्हणून मी आणखी जोर लावला. वर्षानं बॉनेट उघडून पाहिलं. फ्यूज जळला होता. जवळ एक जादा होता, तो लावला. तोही लगेच गेला.

आता गल्ली जमली. शेजारच्या भाऊसाहेबांनी तोडगा काढला की चॉकलेटची चांदी फ्यूजला गुंडाळा, काही होत नाही, त्यांच्या घरी सगळे फ्यूज असेच आहेत. मी चांदी शोधायला धावलो. परत आलो तेव्हा बाबा बॅग उचलून घराकडं निघाले होते.

"राहू दे सुध्या. तुमी दोघं जाऊन या. मले काय, सवय हाये."

त्यांचा तो इस्त्रीचा शर्ट पाठमोरा दिसला. मी चांदी सरळ फ्यूजला गुंडाळायला घेतली. तसे बाबा वळले.

"हात काढ. लाल सिग्नल झाकला म्हंजे गाडी वाचत नसते. फ्यूज काहून गेला ते पाह्य पयले."

मी वायर पाहिली, बॅटरी पाहिली, आकाशही पाहिलं. तेवढ्यात आत्यानं बटवा उघडला.

"ते जाऊ दे बाबू. माही चवन्नी कुठी हाये?"

मी सॉकेटकडं पाहिलं. वर्षानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं मायनसची तार सोडवली आणि लाकडी काडीनं चवन्नी बाहेर काढली. एका कडेनं काळी पडली होती. आत्यानं ती पदरानं पुसून बटव्यात टाकली आणि मला कुलदीपक म्हणाली.

फ्यूज मात्र उरला नव्हता. तोही वर्षानंच शोधला. गाडीतल्या गाण्यांच्या यंत्राला नेमका तसाच पंधराचा होता. तो काढून इकडं लावला, मायनसची तार जोडली, डबा जोडला. हिरवा दिवा लागला. बाबांनी स्वतःच्या हातानं इन्शुलिन डब्यात ठेवलं आणि खिडकीजवळ बसले. वलगाव मागं पडलं तरी त्यांची नजर बाहेरून हलत नव्हती. माझा जीव इतका भरून आला की, गाणी बंद झाली तर बंद झाली म्हणून, मीच गायला लागलो. एक झालं, दुसरं झालं. आत्याला अचलपूरला उतरवलं आणि तिसरं सुरू केलं.

घाट लागला तसं बाबांनी मागून सुनेला हळूच विचारलं, "वर्षा, याचा फ्यूज कुठी असते?"