व्हिएन्नातली मैफल आणि उसातला बिबट्या

व्हिएन्नात शिकायला येऊन चार-एक महिने झाले होते, तरी मी कॉलेज, वसतिगृह आणि स्वस्तातलं किराणा दुकान एवढंच शहर पाहिलं होतं. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी वर्गातल्या केरळच्या मैत्रिणीने बेत आखला. सकाळी राजवाडा, मग मोठं चर्च आणि दुपारी वाद्यवृंदाची मैफल. ती लहानपणी व्हायोलिन शिकलेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकायची हौस होती.

ट्राममध्ये बसतोय तोच आईचा फोन आला. आमची वस्ती घोडेगावपासून आत, उसाच्या पट्ट्यात. आई नेहमी आधी जेवलीस का विचारते. त्या दिवशी विचारलं नाही.

"बिबट्या आलाय गं. काल शेजारच्यांची कालवड नेली. नुसतं दावं राहिलंय खुंट्याला."

"आप्पा कुठंयत?"

"हायेत घरीच. पण या आठवड्याला मोटारीला रातचीच लाईट हाय. कांद्याची दारं धरायला जायचं म्हनत्यात."

मी आप्पांना फोन द्यायला लावला. "आप्पा, आजचा दिवस पाणी राहू द्या."

"कांदा माना टाकायला लागलाय. ब्याटरी हाय, काठी हाय. तू तुझं फिर."

"मग कुणाला तरी सोबत न्या."

"बघतो," ते म्हणाले. आप्पांचं 'बघतो' म्हणजे 'नाही'.

राजवाड्याच्या खोल्यांमागून खोल्या आम्ही हिंडलो. छतापर्यंत सोनं, भिंतभर आरसे. मैत्रीण फोटो काढत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं रान. घरापासून विहिरीपर्यंतची पायवाट, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. बॅटरीचा उजेड पहिल्या सरीत शिरतो आणि तिथेच संपतो. त्यापुढे काय बसलंय ते दिसत नाही.

चर्चबाहेर बर्फ भुरभुरत होता. मैत्रिणीने माझा चेहरा पाहून विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, हिला हे खोटं वाटेल. ती म्हणाली, "आमच्याकडे हत्ती येतात," आणि माझा दंड धरून चालू लागली.

मैफलीत आमची जागा रांगेच्या अगदी मध्ये होती. मी फोनचा आवाज बंद केला आणि तो मुठीत धरून बसले. तिकडे एव्हाना अंधार पडून लाईट आली असणार. सुरुवातीचं वादन इतकं हळुवार होतं की कुणी खोकलं तरी दचकायला व्हायचं. अशा शांततेत मुठीतला फोन थरथरला. आई. थांबला, पुन्हा थरथरला.

मी मैफलीला बसलेय हे तिला माहीत होतं. तरी ती फोन करत होती.

उठायचं तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, मिटलेले डोळे. मागचा मोठा ढोल घुमला आणि मी जागच्या जागी उडाले. फोन परत हलला. मी तो उलटा केला. जोवर उचलत नाही तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी मनात येत होतं.

मध्यंतर होताच बाहेर धावले. आईचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. दादाचा, म्हणजे चुलतभावाचा, बंद. घंटा झाली, माणसं आत गेली, दारं लागली. मैत्रीण माझ्यापाशीच थांबली. तिसऱ्यांदा आईने उचलला.

"आई, आप्पा कुठंयत?"

"विहिरीवरच्या मोटारीच्या शेडवर चढून बसल्यात." ती रडत होती. "त्यो खालीच बसलाय बांधावर, हलंना. तुझा दादा ट्रॅक्टर घेऊन गेलाय, मान्सं गोळा करून."

ते शेड माणसाच्या उंचीहून जरासंच उंच. बिबट्याला तिथे चढायला काय लागतं? मी हे तिला बोलले नाही. "फोन ठेवू नको," एवढंच म्हणाले.

बंद दारांमागे वादन सुरू झालं. दुसऱ्या कानात लांबून ट्रॅक्टर, मग फटाके, पत्र्याचे डबे बडवल्याचे आवाज, माणसांचा ओरडा. मग एकदम काहीच नाही. फक्त आईचा श्वास. मी मैत्रिणीचा हात इतका घट्ट दाबला की तिने दुसऱ्या हाताने माझी बोटं सोडवली.

बऱ्याच वेळाने कुत्री भुंकली, आणि आप्पांचा आवाज आला.

"आलो गं घरी." आवाज कापत होता. आप्पांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "उतरताना गुडघा खरचटला. बाकी काय न्हाई."

"तो कुठंय?"

"गेला उसात."

"आता घराबाहेर पडू नका, आप्पा."

"अर्धा कांदा राह्यलाय. उद्या बी रातचीच लाईट हाय."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मैत्रिणीने आमचे कोट आणले, एक माझ्या खांद्यावर टाकला आणि शेजारी बसली. आत टाळ्यांचा कडकडाट झाला, दारं उघडली आणि माणसं हसत, गुणगुणत आमच्या बाजूने जिना उतरू लागली. मी दादाला मेसेज लिहीत होते: उद्या रात्री आप्पांसोबत कोण जाणार, ते आत्ताच सांग.