राखीव म्हणजे राखून ठेवलेला

एक डोळा दुधाच्या पातेल्यावर आणि दुसरा पेपरवर… सडा झाला होता, हंडे भरून झाले होते, भाकरीचं पीठ मळायचं तेवढं बाकी होतं. पेपर कालचा. कुणाचा तरी वाचून झालेला पेपर हे लष्कराच्या छावणीतून माझ्यासाठी मागून आणायचे.

माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचं वाचन मी असंच चुलीपुढे बसून, अडखळत शिकले.

ही गोष्ट भिंगारची, मोठ्या दुष्काळानंतरची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे एकोणीस वर्षांचे, छावणीच्या मैदानावर जवानांच्या बरोबरीने फुटबॉल खेळायचे. गोलकीपर. मध्ये भारताच्या युवा संघाच्या शिबिराला महिनाभर जाऊन आले होते, पण तिथलं काही बोलत नव्हते.

त्या सकाळी पेपरच्या मागच्या पानावर, अगदी खाली, एक यादी दिसली. आशियातल्या देशांच्या युवा फुटबॉल स्पर्धेला जाणारा आपला संघ. शेवटच्या ओळीत 'राखीव' असं लिहून पुढे यांचं नाव…

मी ओरडलेच. सासूबाई धावत आल्या. आता नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? मी नुसतं बोट ठेवलं, आणि त्यांना तर वाचता येत नव्हतं.

"अगं, कुनाचं नाव हाय, सांगशील का न्हाई?"

"आपल्याच घरातलं."

"तुझ्या सासऱ्याचं?"

"नाही… त्यांच्या लेकाचं."

"आन् काय लिवलंय?"

"राखीव."

माझं माहेर तिसगावचं. आमच्याकडे राखीव म्हणजे बियाण्याची ज्वारी. टपोऱ्या कणसांची, राखेत घोळून मडक्यात बंद केलेली. दुष्काळात आम्ही रेशनच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, पण वडिलांनी त्या मडक्याला कुणाला हात लावू दिला नाही. म्हणून मी सासूबाईंना ठासून सांगितलं, राखीव म्हणजे सगळ्यांत चांगला, जपून ठेवलेला.

त्यांनी गुळाची ढेप फोडली आणि गल्लीभर खडे वाटत सुटल्या. "माझ्या पोराला देशानं राखून ठिवलाय!" दूध मात्र उतू गेलं…

दुपारी नळावर सासूबाईंना आणि मला शेजारचे कारकून भेटले. "मावशी, गूळ गोड होता हो. पण राखीव म्हणजे घरी बसायचं. संघातलं कुणी जायबंदी झालं, तरच तार येणार." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाईंनी भरलेली घागर उचलली आणि तडक घरी आल्या. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

हे घरी आले ते मागे पोरांचा आरडाओरडा घेऊनच. "राखीव आले, राखीव!" आपण राखीव आहोत, हे यांना शिबिरापासूनच माहीत होतं. खाटेखालून यांनी एक बॅग ओढून दाखवली. आत जर्सी, गुडघ्याच्या पट्ट्या, सगळं घडी करून भरलेलं. "तारेची वाट बघतोय," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत… रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मग ते दिवस. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की घरात सगळ्यांचे कान दाराकडे. भाकरी थापता थापता मला कधी न पाहिलेला देश दिसायचा. हिरवंगार गवत, पांढऱ्या खांबांच्या मध्ये हे उभे, आणि बॉल असा हळूहळू, पिसासारखा यांच्या हातात येतोय…

एकदा देवापुढे मी म्हणून गेले, "कुणाचा तरी पाय मुरगळू दे." आणि लगेच त्या कुणाच्या तरी आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. कानाला खडा लावला.

आठवड्याने पेपरात आलं. संघ विमानाने गेला. मीच वाचून दाखवलं.

त्या दुपारी हे खाटेवर पडून होते. कौलांतून कवडसा आला होता, तो यांच्या छातीवरून हळूहळू सरकत होता. मी शेजारी बसून ज्वारी निवडत होते. म्हटलं, "माझ्यामुळे गावभर हसं झालं… मला वाटलं, राखीव म्हणजे वडलांनी दुष्काळात जपलेल्या बियाण्यासारखं. मला शब्दच कळला नाही."

यांनी माझ्यापुढची मूठभर ज्वारी उचलली. मग म्हणाले, "तुझ्या वडलांनी त्या बियाण्याचं शेवटी केलं काय?"

"पाऊस झाल्यावर पेरलं."

"लगेच?"

"लगेच कसलं? पावसाचीच दोन वर्षं वाट बघितली."

"मग तू वाचलंस तेच बरोबर."

तार नंतरही कधी आली नाही. पण त्याच मैदानावर यांनी तीस वर्षं पोरांना गोलमध्ये उभं राहायला शिकवलं. आता यांना जाऊन चार वर्षं झाली. वाचताना एखाद्या शब्दाला अडले की मी अजूनही शेजारच्या खुर्चीकडे बघते.

परवा सावेडीत मुलाच्या घरी होते. नात मोबाईलवर आपल्या युवा संघाची मॅच बघत होती, कुठल्यातरी परदेशातली. कॅमेरा बाहेर बाकावर बसलेल्या पोरांवरून फिरला. ती म्हणाली, "आजी, हे काय, नुसतेच बसलेत?"

मी म्हटलं, "नुसते नाहीत गं. राखून ठेवलेत." आणि मग डोळे पुसायला चष्मा काढावा लागला… तो शब्द मला चुकीचा कळला होता, आणि यांनी तो आयुष्यभर तसाच राहू दिला. याहून मोठं देणं कुणी मला दिलेलं नाही.

कवडशाच्या त्या दुपारनंतरचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी लवकर भाकरी आटोपल्या, खाटेखालची बॅग सोडली, जर्सी धुऊन वाळत घातली. मग सासूबाईंना सांगून, पदर सारखा करून पहिल्यांदा छावणीच्या मैदानावर गेले, आणि यांच्या गोलच्या मागे जाऊन बसले.