फाटकाच्या आतला माणूस

साथीच्या त्या वर्षात सगळं शहर घरात कोंडून पडलं होतं, तेव्हा एक माणूस मात्र मजेत होता. असं बोलायचं नसतं, पण खरं ते खरं. हा माणूस म्हणजे मंडईमागच्या सार्वजनिक बागेचा माळी. बाग बंद ठेवायचा हुकूम निघाला, तरी झाडांना पाणी घालायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून त्याला कामावर यायचा पास मिळाला. सकाळी हा आत शिरायचा, आतून साखळी लावायचा, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळी हिरवाई याच्या एकट्याच्या बापाची.

पोरांनी या माळ्याचं नाव कुलूपकाका ठेवलं होतं, तेही साथीच्या कितीतरी आधी. बाग बंद व्हायची वेळ झाली की झोपाळ्यावर पोर असो नाहीतर बाकावर म्हातारी, काका शिट्टी फुंकून सगळ्यांना हुसकून लावायचे आणि कुलूप ठोकायचे. माणसांवर त्यांचा मुळातच राग. माणसं फुलं ओरबाडतात, हिरवळीवर शेंगांची टरफलं टाकतात, खोडावर नावं कोरतात. झाडं बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हा टाळेबंदी आली ती काकांच्या पथ्यावरच पडली. गवत कधी नव्हे ते मनासारखं वाढलं, गुलाबाचं फूल झाडावरच पूर्ण उमलून झाडावरच गळायला लागलं. दुपारी ते सावलीत डबा खायचे, टोपी तोंडावर घेऊन डुलकी काढायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, असंच राहिलं तर काय वाईट आहे?

लोक फाटकाशी यायचे. त्यांत एक घड्याळवाले रोजचे. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं टीचभर दुकान होतं, ते बंद पडलेलं. घरी मुलगा, सून, नातवंडं आणि हे, सगळे दोन खोल्यांत. संध्याकाळी गज धरून उभे राहायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, त्या कोपऱ्यातल्या बाकावर जरा टेकू का, कुणाच्या जवळसुद्धा जाणार नाही. काकांनी नियम सांगितला. मुकादमांची सक्त ताकीद होती: बाहेरचं माणूस आत दिसलं तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं. पुन्हा घड्याळवाल्यांनी विचारलं नाही. नुसते उभे राहायचे, बघायचे, आणि जायचे. काकांना वाटायचं, काय हे रिकामटेकडे लोक.

आता घरची गोष्ट. काकांची बायको बालवाडीत मावशी होती. पोरांना घरून आणायचं, डबे खाऊ घालायचे, नाकं पुसायची, पुन्हा घरी पोचवायचं. गल्लीत सगळे तिला मावशीच म्हणायचे, काकासुद्धा कधीकधी चुकून म्हणायचे. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळी तोंडाचा पट्टा सुरू झाला की रात्री डोळा लागेपर्यंत चालू. काका हूं म्हणायचे, मध्येच एखादं अच्छा टाकायचे, एवढ्यावर संसार पस्तीस वर्षं सुखानं चालला होता. मुलगी लांब परगावी दिलेली, तिचा फोन यायचा.

बालवाडी बंद झाली. मावशी दीड खोलीत आली. त्या दीड खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप. ऊन म्हणून काय ते दुपारी घटकाभर, तेही तिरकं. सुरुवातीला तिनं खोली घासूनपुसून आरशासारखी केली, डबे उतरवले, पुन्हा लावले, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या. मग गोधड्या अर्ध्यावर राहिल्या. बोलणं आटत गेलं. मुलीनं फोनवर काकांना विचारलं की आई हल्ली नीट बोलत नाही, काही झालंय का. काका म्हणाले, थकली असेल. कशानं थकली असेल, घरात बसून? हा प्रश्न काही त्यांना पडला नाही. उलट घरात शांतता आहे, हे त्यांना बरंच वाटलं असावं. पुरुषमाणसाला काय म्हणावं कळत नाही कधीकधी.

खिडकीत एका कुंडीत जास्वंद होती. काकांनीच केव्हातरी फांदी आणून लावलेली. मावशी दिवसभर तिला पाणी घालायची. उठली की घालायची, भांडी झाली की घालायची, काही सुचेना की पुन्हा तांब्या भरायची. काका एक दिवस घरी आले आणि दारातूनच त्यांना दिसलं की जास्वंदीची पानं पिवळी पडलीत. हे त्यांना दारातून दिसलं, बरं का. बायकोनं कितीतरी दिवसांत केस विंचरलेले नाहीत, ताटातलं अर्धं अन्न तसंच ठेवून उठते, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, हे त्यांना तीन फुटांवरून दिसलं नव्हतं.

काकांनी कुंडीत बोट घालून पाहिलं. चिखल. मावशीला चार शब्द सुनावले, मुळं कुजतात म्हणाले, आधीच ऊन नाही, वारा नाही, त्यात हा पाण्याचा मारा, ते झाड जगणार कसं? मग दुसऱ्या दिवशी कुंडी पिशवीत घालून बागेत घेऊन गेले. जास्वंदीला ओंजळभर वाळू घातलेली नवी माती दिली, कुजलेली मुळं छाटली, वडाच्या कडेला कवडशांच्या सावलीत जागा दिली. खिडकी रिकामी झाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका घरी येऊन जास्वंदीची खुशाली सांगायला लागले. एरवी मूग गिळून बसणारा माणूस, पण रोप सुधारायला लागलं की त्यांनाही वाचा फुटायची. आज पानं ताठ झाली. आज नवा कोंब दिसला. एका संध्याकाळी तर कळी धरली म्हणून सांगत आले. मावशी पलंगाच्या कडेला बसलेली होती. काका खुशीत म्हणाले, "बघ, नुसती जागा बदलली तर कसं तरारून आलं."

मावशीनं बऱ्याच दिवसांनी वर पाहिलं.

"एवढं कळतं," ती म्हणाली, "तर मला का इथं ठेवलंत?"

चिडून म्हणाली असती तर काकांनी उत्तर दिलं असतं. ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. आणि तेव्हा काकांनी आपल्या बायकोकडे नीट पाहिलं. तिचे गाल आत गेले होते. हात मांडीवर नुसते टाकलेले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काका तिला घेऊन निघाले. पुढच्या फाटकानं नाही. बागेच्या मागच्या बाजूला खताच्या खड्ड्याशी एक बारीक दार आहे, पाचोळ्याची ढकलगाडी तिथून जाते. जेमतेम चार गल्ल्यांचं अंतर, पण मावशीला दोनदा थांबावं लागलं. पायातलं बळ गेलं होतं. काका सारखे मागं वळून बघत होते, कुणी पाहिलं तर नोकरी जाईल याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. आपण हिला आणायला उशीर तर केला नाही ना? झाड हातचं गेलं की ते त्यांना लगेच कळायचं. माणसाचं काही त्यांना कळत नव्हतं.

आत आल्यावर मावशीनं चपला काढल्या. गवतावर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. खाली बसली, मग आडवी झाली आणि बघता बघता झोपली. दिवसाउजेडी, उघड्यावर, लहान पोरासारखी गाढ. काका पाइप घेऊन झाडांची आळी पाण्यानं भरत फिरत होते, पण दर दोन झाडांनंतर येऊन तिचा श्वास चाललाय ना, ते बघून जात होते.

ऊन अंगावर आलं तेव्हा तिला जाग आली. कुशीवर वळून उठून बसली आणि फाटकाकडे बघत राहिली. घड्याळवाले त्या दिवशी सकाळीच आले होते, नेहमीसारखे गज धरून उभे होते. त्यांनी तिला पाहिलं होतं, हेही उघड होतं. काका पाइप टाकून तिच्याजवळ आले.

ते कोण, असं मावशीनं विचारलं. काकांनी सांगितलं. रोज येतात का? रोज येतात. आत का येत नाहीत? काका म्हणाले, नियम आहे.

मावशी उठली. साडी झटकली, फाटकाशी गेली, आणि गजांच्या अलीकडून त्या माणसाची चौकशी करायला लागली. नातवंडं किती, कुठल्या शाळेत, रात्री झोप लागते का, जेवता का नीट. घड्याळवाले सांगत होते. सांगता सांगता त्यांनी चष्मा काढून पुसला. काका लांबून ऐकत होते. कितीतरी दिवसांनी त्या बाईचा आवाज असा सलग कानावर पडत होता, आणि त्यांना वाटलं, हा आवाज बंद पडला होता आणि आपण त्याला शांतता म्हणत होतो.

मावशी काकांकडे वळली. "उघडा."

काका जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले की हे कुणाला कळलं तर घरी बसावं लागेल, तुझं एकटीचं मी कसंही निभावून नेईन, पण हे नको.

"मग मलाही बाहेर काढा," ती म्हणाली. "मी त्यांच्या शेजारी उभी राहते."

आणि ती राहिली असती. काकांना तिचा स्वभाव ठाऊक होता. इतक्या दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं, ते हातानं पुन्हा विझवायचं? काकांनी कमरेची किल्ली काढली. मान खाली घालूनच त्यांनी कुलूप उघडलं. घड्याळवाले आत आले, कोपऱ्यातल्या बाकावर टेकले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वर झाडाकडे बघत बसले.

मग काय, एकाचे चार झाले, चाराचे दहा. मावशीनं सगळी व्यवस्था हातात घेतली, बालवाडीतल्यासारखी. मोजकीच माणसं आत, मास्क वर, एकमेकांपासून लांब, एकाचं बसून झालं की दुसरा. कुणी फुलाला हात लावला की तिथूनच ओरडायची. मोठमोठे बाप्ये मुकाट ऐकायचे. ती पुन्हा जेवायला लागली, केस विंचरायला लागली, घरी आल्यावर कोण काय म्हणालं ते सगळं काकांना ऐकवायला लागली. काका नुसतं हूं म्हणत नव्हते आता.

हे फार दिवस चालणार नव्हतंच. कुणीतरी गच्चीतून फोटो काढला आणि वर पाठवला. मुकादम स्कूटरवर आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, एकट्या बायकोला आणली असतीस तर मी डोळेझाक केली असती, पण तू अख्खी गल्ली आत घेतलीस, आता मी काय करू? नोकरी राहिली, ती त्यांच्याच शब्दाखातर. पण किल्ली गेली. काकांची बदली पाणीखात्याच्या गोदामात झाली, पाइप आणि जुने नळ राखायला. काही आठवड्यांनी सगळ्याच बागा सकाळच्या वेळात उघडायचा हुकूम निघाला. त्याचं श्रेय कुणी काकांना दिलं नाही, आणि द्यायचं काही कारणही नव्हतं.

गोदामाला खिडकी नव्हती. वर पत्र्याला एक काच होती, धुळीनं माखलेली. दिवसभर काका स्टुलावर बसायचे, उठायचे, त्याच त्या पाइपांच्या चळतीला फेरी मारायचे, पुन्हा बसायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागत नाही, आणि कुणाशी बोलायचं म्हटलं तरी नको वाटतं.

एका संध्याकाळी ते घरी आले आणि दारातच उभे राहिले. मावशी गोधडी शिवत होती. काकांनी विचारलं, "इतके दिवस तू इथं कसे काढलेस गं?"

तिनं दोरा तोडला.

"सगळ्या इमारतीत बाहेरून आलेल्याला आधी अंघोळीला पिटाळायचे," ती म्हणाली. "मी तुम्हाला कधी पिटाळलं का? तुम्ही आलात की तुमच्या कपड्यांना ओल्या मातीचा वास यायचा. मी मुद्दाम जवळून जायची. त्यावर काढले."

काकांनी आपले हात पाहिले. त्यांच्या हातांना गंज लागला होता, रबराचा वास येत होता. ते मोरीत गेले, साबण लावून हात खसाखसा धुतले, आणि येऊन तिच्याजवळ खाली बसले.