पट्ट्या आणि फौजी सर

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एक मूर्खपणा केला. त्या वयातल्या मूर्खपणाला 'अजाण वय' असं म्हणता येत नाही, म्हणून तो आधीच सांगून टाकते. नाटकाचा प्रयोग तीन तासांवर आला असताना मी रंगमंचाच्या फरशीवर चिकटवलेल्या सगळ्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. हिरवट पांढऱ्या, बोटभर लांबीच्या, जागोजागी. मला वाटलं, कुणीतरी पोरांनी चाळा केलाय. तासभर खपले, सगळ्यांचा गोळा केला, पर्समध्ये टाकला आणि कंबर धरून स्वतःवरच खूश झाले. एकतीस वर्षं शाळेत शिक्षिका आणि शेवटी मुख्याध्यापिका असल्याचा हा परिणाम. कुठेही काही चिकटलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात.

त्या पट्ट्या अंधारात चमकतात आणि त्यांच्यावरून पलंग, टेबल, खुर्ची कुठे ठेवायची ते कळतं, हा धडा वर्गात झाला होता. त्या आठवड्यात मी नातवाच्या बारशाला पुण्याला गेले होते.

हा वर्ग सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात चालायचा. प्रकाश, नेपथ्य, रंगमंचाची व्यवस्था, थोडक्यात पडद्यामागचं सगळं. शिकवायला फौजी सर. ते कोरेगावकडचे. वीस वर्षं सैन्यात वीजतंत्री होते, सुटून आल्यावर नाटकांच्या दिव्यांकडे वळले. घरी ऊस होता. तो भाऊ बघायचा. सर शनिवारी सकाळच्या गाडीने सांगलीला यायचे, हातात एक पत्र्याची पेटी, पायांत कापडी बूट. निवृत्तीनंतर भजनी मंडळात बसण्याऐवजी मी या वर्गात नाव घातलं, तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, शिडीवर चढता का?"

मी म्हणाले, "हो."

"उतरता?"

सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर त्यांचा राग लिहावा लागेल, पण तो मी कधी पाहिला नाही. आवाज चढायचा नाही. कुणी वायर कोपराभोवती गुंडाळताना दिसलं की ते ती शांतपणे पूर्ण उलगडायचे आणि परत त्याच्या हातात द्यायचे. "तिचा वळ तिला ठावं हाय. तू मदी पडू नगं." अंधारात सामान हलवायचा सराव ते आमच्या डोळ्यांना रुमाल बांधून घ्यायचे. एकदा पोरांनी विचारलं, प्रवेश संपल्यावर टाळ्या पडतात, त्यात आपल्याही असतात ना? सर म्हणाले, "न्हाई. ती टाळी तुमचा आवाज झाकाय असती. तेवढ्यात पलंग उचला."

आणि एक रीत होती, तिला ते 'हजेरी' म्हणत. प्रयोग संपला की सगळ्यांनी रंगमंचावर गोल उभं राहायचं. ज्याच्याकडून चूक झाली त्याने आपणहून हात वर करायचा, चूक सांगायची, बस. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. सर स्वतःही हात वर करायचे, बहुतेक वेळा सगळ्यांत आधी.

मी पट्ट्या काढल्या त्या दिवशी रंगमंचाची सगळी जबाबदारी शीतलवर होती. शीतल आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वर्गातली सगळ्यांत चोख मुलगी. दिवाळीनंतर एका नाटक कंपनीचा दौरा निघणार होता आणि सर तिचं नाव सुचवणार होते. घरून तिला मुदत मिळाली होती: दिवाळीपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर गावी परत.

दुसऱ्या अंकात अंधार झाला. चार पोरांनी पलंग आणला, फरशीवर पट्ट्या शोधल्या, मिळाल्या नाहीत, अंदाजाने ठेवला. उजेड आला तो पलंगाच्या पायथ्याशी. नाटकातले मरणोन्मुख आजोबा अंधारात, त्यांचे पाय मात्र लख्ख. शेवटचं भाषण त्या पायांनीच केलं. प्रेक्षक खदखदून हसले. मीही विंगेत हसले, मग पोरं फरशीवर काय शोधत होती ते एकदम कळलं आणि मी पर्स काखेत दाबली.

हजेरीत सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. शीतलने हात वर केला. "पट्ट्या होत्या का, ते मी पडद्याआधी बघितलं नाही."

माझा हात पर्सच्या बंदावर होता, तिथेच राहिला. आयुष्यभर हजारो पोरांना 'कुणी केलं, हात वर करा' म्हणून दरडावलेली ही बाई छताकडे बघत उभी होती.

सर म्हणाले, "बरं. दौऱ्याला दुसरं कुनी बगावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सामान आवरायला सगळे जमणार होते. मी तासभर आधी गेले. सर बाहेर टपरीवर चहा पीत होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "काल तुमच्या पर्समधनं पट्टीचं टोक भाईर आलंवतं."

"मग बोलला का नाहीत?"

"हजेरीत मी कुनाचं नाव घेत न्हाई. आन् ह्ये मला हितं सांगून काय उपेग? पोरगी आत हाय."

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला नाही. सर आत गेले, सगळे जमल्यावर त्यांना गोल उभं केलं. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या पोरांसमोर मी हात वर केला. वर नेताना तो इतका जड का झाला, ते शरीरशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात सापडेल मला माहीत नाही. म्हणाले, "पट्ट्या मी काढल्या. कचरा समजून." आणि एवढंही कारणच झालं हे आठवून बारशाचं गिळलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सर शीतलकडे वळले. "फरशी बघायची राह्यली ती चूक तुजीच. ती बाईंच्या हातानं पुसत न्हाई. कळलं?"

"हो सर."

"पन तेवढीच तुजी. दौऱ्याची पिशवी भर. कंपनीला मी सांगतो."

शीतलने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. माझ्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या, पदरही सापडेना. सर पेटी उचलत माझ्याजवळ आले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "रडायचं आसंल तर खाली उतरा बाई. हितं वायरी पडल्यात."