डाव्या पुडीवरचा डाग

मी पखवाज वाजवते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो, मग मंगळसूत्राकडे, आणि मग विचारतो, "म्हणजे तबला ना?" नाही हो, तबला नाही. पखवाज एकच, आडवा, दोन तोंडांचा. उजव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, काळी शाई कायमची असते. डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो पोटातून बोलतो. वाजवून झालं की ती काढून टाकायची. मला जे सांगायचं आहे ते या कणकेबद्दलच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आमचं गाव कासू स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. शेतात भात आणि भातानंतर वाल. बाबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून बसायची. मुलगा नाही म्हणून लोक त्यांची कीव करायचे. बाबा म्हणायचे, "मला पखवाजाला हात पायजे व्हते, ते गावले." मी दहा वर्षांची झाल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, की माझ्याजवळ होतं ते संपलं, आता रोह्याच्या मास्तरांकडे जायचं.

मास्तर म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. तरुणपणी कुठेतरी लांब राहून ध्रुपदाच्या साथीचा पखवाज शिकून आलेले, आणि मग जन्मभर रोह्यात पाढे शिकवलेले. गाडी तेव्हा नुकतीच रोह्यापर्यंत जायला लागली होती. त्यांनी बाबांना निरोप दिला होता, "पोरीला पाठवा, येताना पीठ घेऊन येऊ दे."

भजनाआधी बाबा पुडीवर गोळा थापायचे, तो कशाचा ते मी कधी विचारलं नव्हतं; आमच्या घरात पीठ म्हणजे तांदळाचं. गहू यायचा तो रेशनवर, आणि आई तो सणासाठी दडवून ठेवायची. मी हुशारी केली. नुसतं पीठ कशाला न्यायचं, म्हणून भाकरीला मळतात तसं गरम पाण्यात मस्त मळून, केळीच्या पानात गुंडाळून नेलं. बाबा तेव्हा शेतात होते, नाहीतर त्यांनी दारातच थांबवलं असतं.

मास्तरांनी गोळ्याचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो डाव्या पुडीवर थापला. चौताल सुरू केला. *धा धा दिं ता किट धा दिं ता.* दुसऱ्या आवर्तनाला पिठाला भेग पडली, तिसऱ्याला ठिकऱ्या उडाल्या, त्यातली एक मास्तरांच्या चष्म्याला जाऊन चिकटली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "दोन आवर्तनं बोलला गो. तुमच्या कासूचा तांदूळ बरा दिसतोय."

तेवढ्यात आतून काकू आल्या, मास्तरांच्या पत्नी. त्यांच्या हातात गव्हाच्या कणकेचा गोळा तयार होता. ना तेल, ना मीठ, कानाच्या पाळीसारखा मऊ. मास्तरांचा नियम होता, की वाजवणाऱ्याने कणीक मळायची नाही, बोटं मऊ पडतात. म्हणून त्या घरात कणीक काकूच मळायच्या. मास्तरांची, आणि त्या दिवसापासून माझीही. मळणाऱ्याच्या बोटांचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

शिकवणीला घड्याळ नव्हतं. कणीक सुकून आवाज टणक झाला की त्या दिवसाची शिकवणी संपली. मग काकू ती सोलून फाटकाशी उभ्या असलेल्या गाईला घालायच्या आणि ओल्या फडक्याने पुडी पुसायच्या. कितीही पुसली तरी मधोमध एक पांढरट गोल डाग राहायचा. तो डाग म्हणजे माझी हजेरी. घरी रियाज केलास का, असं मास्तरांनी मला कधी विचारलं नाही. मी घरून आणलेला पखवाज मांडला की ते आधी डावी पुडी बघायचे. डाग पुसट असला तर त्या दिवशी नुसती धुमकिट धुमकिट तासभर, आणि मी काय ते समजायची. आई कुरकुरायची, "या घरात गव्हाचं पयलं पखवाज खातो, मंग माणसं." पण मळून द्यायची.

पुढे पेणच्या एका शाळेत मला संगीत शिक्षिकेची नोकरी लागली आणि लग्नही पेणमध्येच झालं. नवऱ्याचा गणपतीचा कारखाना. कणकेची कटकट बघून तो म्हणाला, "शाडू लावून बघ की, हवा तेवढा देतो." लावूनही पाहिला मी. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

मग मुंबईच्या एका फ्यूजन ग्रुपने मला बोलावलं. सॅक्सोफोन, चेलो, बास गिटार, एक परदेशी ड्रमर आणि मी. मास्तरांना सांगायला रोह्याला गेले. वाटलं, ऐकून घेतील आणि उठून आत जातील. त्यांनी विचारलं ते एवढंच, "सम कुठं येते?" मी साडेसात मात्रांची एक चाल टाळीने करून दाखवली. त्यांनी मांडीवर धरून बघितली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा समेवर बरोबर आले आणि लहान मुलासारखे हसले. "वाजव," म्हणाले. "फक्त पखवाज पखवाजासारखा वाजू दे."

काकूंना काळजी वेगळीच. "थय मुंबईत कणीक कोण मळंल गो बाय तुला?" आणि प्रथाच पडली. प्रत्येक कार्यक्रमाच्या सकाळी मी आधी रोह्याला जायचं, पखवाज मास्तरांना दाखवायचा, काकूंनी पुसून द्यायचा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा स्टीलच्या डब्यातून न्यायचा. रोहा म्हणजे मुंबईच्या बरोबर उलट्या दिशेला. नवरा म्हणायचा, जगात पीठ काय एकट्या रोह्यालाच मिळतं? मी म्हणायची, तुला नाही कळायचं.

पण स्टेजवर त्या कणकेने नाकी नऊ आणले. दिव्यांच्या धगीत ती वीस मिनिटांत वाळायची. तुकडे माइकवर पडायचे, साउंडवाला कपाळाला हात लावायचा. शेवटी त्या ड्रमरने मला करड्या रंगाचं रबरासारखं काहीतरी दिलं. दाबलं की चिकटतं, ओढलं की निघतं, वाळत नाही, डाग पडत नाही. आवाज जवळजवळ तोच. "जवळजवळ" हा शब्द मी आज लिहिते आहे. तेव्हा मला ते बेहद्द आवडलं, खोटं कशाला बोलू?

सांगितलं मात्र नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मास्तरांना काय वाटेल, काकूंना किती लागेल, अशी स्वतःची समजूत घालायची. खरी गोष्ट ही, की मला तेवढा अवघड अर्धा तास नको होता. त्यापेक्षा डबा घेणं सोपं. तशी मी डबा घेत राहिले. पुढे पुढे तर आत बसायचीही नाही. पायरीवरूनच पखवाज दाखवायचा, पुडीवर डाग नाही हे मास्तरांच्या अधू नजरेला कळत नसेल असं धरून चालायचं, डबा घ्यायचा, परतीची गाडी गाठायची. पेण स्टेशनाबाहेर शेळ्या असायच्या, गोळा त्यांना घालायचा. कधी विसरून पिशवीतच राहायचा आणि दोन दिवसांनी दगड होऊन सापडायचा.

एकदा डबा देताना काकूंची बोटं दिसली. पेरं सुजलेली, मधलं बोट वाकडं. मी विचारलं तर म्हणाल्या, "थंडीनं व्हतं गो तसं." थंडी कुठली, मे महिना होता. मला गाडी गाठायची होती.

काकू गेल्या तेव्हा मी ग्रुपबरोबर परदेशी दौऱ्यावर होते. परत आल्यावर मास्तरांना भेटले. रबराचं तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मी हट्टाने ग्रुपला रोह्याला आणलं. एका शाळेचं सभागृह, रविवारची सकाळ. मास्तरांनी मला त्या लोकांबरोबर वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं, आणि आता त्यांना मुंबईचा प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी ऐकावं आणि बरं म्हणावं, यापलीकडे मला त्या दिवशी काही नको होतं. भीतीही तीच होती. त्यांचा कान रबर ओळखणार. म्हणून मी ठरवलं होतं, की आजच्या दिवस गुपचूप कणीक लावायची. पेणहून मळून आणलीही होती. पण साउंड तपासायला रबर लावलं आणि ते काढणार, तोवर मास्तर एक तास आधीच दारात उभे. हातात तोच स्टीलचा डबा.

"घे," म्हणाले. "जन्मात पयल्यांदा मळलीय. गुठळ्या झाल्यात जरा."

मी डबा घेतला. माझं तोंड उतरलं असणार. त्यांनी पखवाजाकडे पाहिलं, खाली वाकले, बोटाने ते करडं रबर दाबून बघितलं. मी घाईघाईने ते ओढून काढायला लागले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "रोज ज्याच्यावर वाजवतेस, त्याच्यावरच वाजव. आज माझ्यासाठी सोंग नको."

मी वाजवलं. सॅक्सोफोनबरोबर सवाल-जवाब झाले, साडेसात मात्रांची ती चाल झाली, आणि मास्तर पहिल्या रांगेत मांडीवर टाळी धरून बसले होते. त्यांची एकही सम चुकली नाही. टाळ्या भरपूर झाल्या. मला त्या ऐकू येत होत्या, पण अंगाला लागत नव्हत्या.

लोक पांगल्यावर मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि म्हणाले, "मास्तर, चुकलं माझं. कधीतरी सांगायला हवं होतं."

"डावा बरा बोलला," ते म्हणाले. "कणकेइतका नाय. पण बरा बोलला." मग म्हणाले, "हिला म्हायत व्हतं."

मला आधी कळेचना, कुणाला काय माहीत होतं ते.

"चार वर्षं म्हायत व्हतं. तुझा पखवाज तीच पुसायची ना? एकदा मला म्हनली, पोरीच्या पुडीवर डाग नाय. मी म्हटलं, विचारतो तिला. तर मला गप केलं." मास्तर आपल्या हातांकडे बघत होते. नखांच्या कडेला अजून पीठ होतं. "म्हनली, नका विचारू. कणकेपायी तरी दारात येते. उद्या कणीक नको झाली, तर कशाला यील?"

मी त्यांच्या हातांवर डोकं टेकून रडले, सभागृहातल्या खुर्च्या उचलायला आलेल्या माणसांसमोर. चार वर्षं. त्या सुजलेल्या बोटांनी ती बाई शेळ्यांसाठी कणीक मळत होती आणि तिला ते ठाऊक होतं. आणि मी पायरीवरून आत जायलाही तयार नव्हते.

"बोटं लय दुखतात गो मळताना," मास्तर म्हणाले. "मला आज कळलं. मी पण कधी विचारलं नाय तिला."

ग्रुपची माणसं बाहेर गाडीत सामान भरत होती. सॅक्सोफोनवाल्याने आत डोकावून विचारलं, निघायचं ना? मी त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मग पखवाज एका खांद्याला लावला, डबा हातात घेतला आणि मास्तरांबरोबर त्यांच्या घरी चालत गेले. फाटकाशी गाय उभी होती, तिला तो गुठळ्यांचा गोळा घातला.

मास्तर घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुझी गाडी चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं, आणि पायरी चढून आत जाऊन बसले.