मेलेल्यांच्या सवयी

“माणसाने एकदा काय केलं ते सांगू नका, रोज काय करायचा ते सांगा,” असं ओबेंग सर एकदा वर्गात म्हणाले होते.

माम्पाँग गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. फळ्यावर ‘यूज्ड टू’ लिहायचं आणि मुलांना उभं करायचं: आता होत नाही असं काय घडायचं तुमच्या घरी? आजी गायची. बाबा मारायचे. मागची विहीर भरलेली असायची. सरून गेलेल्या गोष्टींनी वर्ग भरत जायचा आणि घंटा झाली तरी कुणी लगेच उठत नसे.

निवृत्तीनंतर ते मेलेल्यांसाठी लिहू लागले. अंत्यविधीला बायकोची, मुलांची, कुळाची अशी वेगवेगळी श्रद्धांजली इंग्रजीतून वाचायची, छापून वाटायची, अशी तिथली रीत. ती लिहायला सगळे सरांकडे येत. दारुड्याबद्दल सर लिहीत, तो माणसांत रमायचा. कजाग म्हातारीबद्दल, ती मनात काही ठेवायची नाही. कुणी दुखावत नसे. सरांना मूलबाळ नव्हतं, बायको केव्हाच गेली होती. कुळातला त्यांचा मान या ओळींवर उभा होता.

मग त्यांच्याच कुळातला ट्रकचालक अदोमाको गेला. त्याची विधवा अजेइवा सरांसमोर येऊन बसली.

“सकाळी मी ओढ्यावरून पाणी आणायची. तो सिमेंट कालवायचा, मी विटांच्या साच्यात भरायची. रोज. असं घर झालं. एवढंच लिहा, सर.”

“तुझ्यावर जीव होता वगैरे?”

“ते त्याला विचारा,” ती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

सरांनी तसंच लिहिलं.

कुळाचे प्रमुख नाना ब्वादू यांच्या अंगणात शोकाच्या काळ्या-तांबड्या कापडांत मंडळी जमली. छापायला जाण्याआधी प्रत्येक श्रद्धांजली त्यांच्यापुढे वाचायची रीत. पाण्याचं वाक्य आलं तसा नानांनी हात वर केला.

“हे काढ. घर कुळाचं आहे. आपल्यात ते बायकोला नाही, बहिणीच्या मुलाला जातं; त्याचा भाचा राहायला येतोय. उद्या ही बाई छापील कागद घेऊन कोर्टात उभी राहील, निम्मं माझं म्हणून.”

“पण नाना, ती पाणी आणायची. शाळेत जाताना मी बघायचो.”

“बघायचास? अरे, बेवड्यांना साधू केलंस तेव्हा कुठे गेले होते तुझे डोळे?” मंडळी खो-खो हसली. “त्यापेक्षा लिही, ती शेंगदाण्याचं सूप झकास करायची.”

अजेइवा चटईवर मान खाली घालून बसली होती. विधवेने तिथे बोलायचं नसतं.

“आणि नाही काढलं तर?”

नानांनी आवाज उतरवला. जवळजवळ मायेने म्हणाले, “ओबेंग, तुझ्यामागे कोण आहे? तुलाही आम्हीच पुरणार ना? आम्ही नाही आलो तर खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. तुझ्याबद्दल वाचणार कोण?”

काय वाचतील? सर विचार करू लागले. ‘सगळ्यांना बरं वाटेल असं लिहायचा.’ त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना गिळवेना.

नानांनी पुढे केलेलं पेन त्यांनी घेतलं. वाक्य खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, ‘हे मी रोज पाहत असे’, आणि आपलं पूर्ण नाव घालून सही केली. कागद अजेइवाच्या हातात दिला. हसणारे आता हसत नव्हते. सर उठले आणि अंगणाबाहेर निघून गेले.