गौरीपुढचा लाल गिलास

परवा नातीनं काचेच्या उंच जारमध्ये संत्र्याच्या चकत्या टाकल्या, सफरचंदाचे तुकडे टाकले, वरून लाल वाइन ओतली आणि मला म्हणाली, "आजी, याला सांग्रिया म्हणतात. हॉटेलात मिळते ना, अगदी तश्शी घरी जमते बघ." मी म्हटलं, "मला नको शिकवू. तुझ्या बापाचा पत्ता नव्हता तेव्हा मी हे भिलाईच्या क्वार्टरमध्ये केलंय." ती हसली. म्हातारी फेकते आहे, असंच तिला वाटलं असणार. तो रंग पाहिला आणि माझे कान तापले. इतक्या वर्षांनीही तापतात, मेले.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आमचे हे तिथे फिटर होते, एका रशियन इंजिनियरच्या हाताखाली. माझं माहेर गोंदियाचं, रेल्वेतलं. सासर तुमसरकडच्या खेड्यातलं, धानाच्या शेतीचं. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे एवढंसं अंगण, आणि सगळीकडे लाल धूळ. आजूबाजूला पंजाबी, बंगाली, आंध्रातले लोक. मराठी घरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, काही आमच्या सेक्टरमध्ये, काही तिकडे दुर्गला रेल्वे क्वार्टरांत. त्यामुळे आपल्या चार बाया काय म्हणतात याला फार किंमत होती.

यांच्या कारखान्यातल्या विभागाचं एक मोठं काम पार पडलं, म्हणून रशियन लोकांच्या क्लबात जेवण होतं. बायकांसकट बोलावलं होतं. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर काचेचा जार. त्यात लाल पाण्यात फळं तरंगत होती. इंजिनियरची बायको माझ्याशेजारी बसली होती. अंगानं भरलेली, हसरी, हिंदीचे पाच-सहा शब्द येणारी. तिनं माझा गिलास भरला. मी यांना हळूच विचारलं, "काय आहे हे?" हे म्हणाले, "वाइन आहे, फळांची. घे थोडी, नाहीतर तिला वाईट वाटेल." मी घेतली. थोडी कसली, दोन गिलास घेतले. आवडली मला. आता या वयात खोटं कशाला बोलू?

पुढे त्या बाईनं मला घरी बोलावून तो प्रकार करूनही दाखवला. आधी फळं आणि साखर, मग वाइन, ते थोडा वेळ मुरू द्यायचं, आणि अगदी प्यायच्या वेळी सोडा. निघताना एक जार माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुम, अच्छा." मी तो जार छातीशी धरून सेक्टरभर पायी आले. कोणी पाहावं म्हणूनच पायी आले, हेही सांगून टाकते.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमचे हे तांदूळ आणायला गावी गेले आणि चारचौघांत फुशारकी मारून बसले की, माझी बायको रशियन लोकांत बसून वाइन पिते. नवऱ्याच्या जातीला कुठे काय बोलावं याची अक्कल देवानं दिलीच नाही. आठवडा गेला नाही तर सासू ट्रंक घेऊन दारात हजर.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. माझे सासरे मोहाच्या दारूपायी गेले होते. नुसते गेले नाहीत, आधी घरातली भांडी गेली, बैल गेले, आणि मग एका सकाळी ते बांधावर उताणे सापडले. ही बाई तेव्हा पस्तिशीतली असेल. त्यानंतर तिनं एकटीनं धान लावला, पोरगा शिकवला. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "तू पेली का?" मी हो म्हटलं. तिनं आरडाओरडा केला नाही. ट्रंक कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "ज्या हातानं दारूचा गिलास धरला, त्या हातचं पानी मले नको."

आणि खरंच तिनं मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडली. आपलं पाणी आपण भरायची, आपला भात आपण शिजवायची. मी तांब्या पुढे केला तरी त्याच्याकडे न पाहता उठायची. यांनी एकदा समजवायला तोंड उघडलं तर, "तू चूप बस, तुह्याच बापाचा पोरगा आहेस तू." क्वार्टरं भिंतीला भिंत लावून होती. दोन जागी धूर निघताना साऱ्या ओळीला दिसायचा. नळावर गेले की बाया बोलता बोलता थांबायच्या. मी मान खाली घालून हंडा भरायची आणि निघायची. माझ्याच घरात मला बाटल्यासारखं वाटायचं.

चैत्र आला. म्हटलं, गौर बसवू, हळदीकुंकू करू. आपल्या बाया येतील, गौरीपुढे बसून माझ्या हातचं घेतील, आणि ते ऐकून म्हातारीचं मन नरमेल. एक घोट पाणी तरी माझ्या हातचं घेईल. एवढंच हवं होतं मला. चैत्रात पन्हं करायची आपली रीत. पण पन्हं काय, घरोघरी असतं! मला तो जार मांडायचा होता. क्लबातल्यासारखंच करायचं, फक्त वाइनशिवाय. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

लाल रंगासाठी मला अंबाडी आठवली. अंबाडीची वाळवलेली फुलं दर संक्रांतीला गावाहून फडक्यात बांधून यायची, चटणीसाठी, सरबतासाठी. आत्याबाईच पाठवायची. मी ती गरम पाण्यात भिजत घातली, गाळली, साखर घातली. काय सुंदर रंग आला म्हणून सांगू! क्लबातल्या वाइनचाच. चवही तशीच तुरट-आंबट. संत्र्याच्या चकत्या, द्राक्षं, एक सफरचंद, लिंबू. पावर हाऊस नावाच्या भागातल्या बाजारातून गोळी सोड्याच्या बाटल्या आणि गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणला. पहिला गिलास भरून गौरीपुढे ठेवला आणि मागे उभी राहून पाहतच राहिले.

आत्याबाई आतल्या खोलीत होती. विधवा बाई हळदीकुंकवात बसत नसे तेव्हा. दार अर्धं लोटलेलं, पण तिचे कान बाहेरच असणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी सगळ्यांशी जरा मोठ्यानं बोलत होते.

बाया आल्या. दुर्गहून रेल्वेतल्या एका गार्डाची बायकोही आली. आमच्यात तिचा शब्द चालायचा. ती आली म्हणजे सगळं झालं, असं मला वाटलं. मी गिलास वाटले. "अगं बाई, काय रंग आहे!" "काय घातलं व यात?" मला काय सुचावं? मिरवायची हौस ना! मी म्हटलं, "ओळखा. आधी प्या, मग सांगते."

तेवढ्यात ती रशियन बाई आली. मीच बोलावलं होतं, जार तिचा म्हणून. फुलाफुलांचा फ्रॉक, डोक्यावर रुमाल, आणि हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. रिकाम्या हातानं कोणाकडे जात नाहीत ते लोक. जार पाहून तिला कोण आनंद झाला! मी तिलाही गिलास दिला. तिनं एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की काय सांगू. बिचारीला वाटलं, हिला वाइन मिळाली नाही आणि ही तशीच भागवून नेते आहे. तिनं कागद सोडला. आत बाटली. बूच घरूनच सैल करून आणलं होतं. मी "नहीं नहीं" म्हणेपर्यंत अर्धी बाटली जारमध्ये गेलीसुद्धा. वास खोलीभर पसरला.

मग गार्डाच्या बायकोनं हातातला गिलास जमिनीवर ठेवला. "म्हणजे हे आमाले पाजून राहिली होती तू? गौरीसमोर?"

"नाही हो, अंबाडी आहे ती! देवाशपथ अंबाडी आहे! तिनं आत्ता ओतली!"

"मंग मघा सांगितलं कावून नाही? आधी प्या म्हणे!"

माझीच जीभ मला नडली होती. एकीनं पदरानं तोंड पुसलं. दुसरी बाहेरच्या नळावर जाऊन खळाखळा चुळा भरू लागली. आणखी एक घशात बोट घालून ओकायला बसली, दाराशीच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. आणि मग साऱ्या उठल्या. कुंकू न घेता उठल्या. भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी न घेता उठल्या. गौर बसलेल्या घरातून सवाष्णी कुंकू न लावता गेल्या. याहून मोठी थप्पड आमच्यात नसते. मी दाराशी हळदीकुंकवाची करंडी धरून उभी, आणि एकेक जण माझ्या बाजूनं अंग चोरून निघून गेली. समोरच्या क्वार्टरमधली पंजाबीण खिडकीतून पाहत होती. जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

रशियन बाई बाटली धरून उभी. तिचा चेहरा पांढराफटक. "नहीं अच्छा?" तिनं विचारलं. "नहीं अच्छा?"

तेव्हा आतलं दार वाजलं. आत्याबाई बाहेर आली. म्हटलं, आता ही ट्रंक उचलणार, संध्याकाळची पॅसेंजर गाठणार, आणि गावात माझ्या नावाचा डंका पिटणार. आणि मनातल्या मनात मी तिला लाखोली वाहिली, तेही सांगते. बरी सापडले हिच्या तावडीत, म्हटलं.

तिनं जारकडे पाहिलं. खाली ठेवलेल्या गिलासांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ गौरीपुढे गेली, तिथला गिलास उचलला, आणि तोंडाला लावला.

मला ओरडायचं होतं की आत्याबाई, घाबरू नका, तो गिलास आधीचा आहे, त्यात काही नाही. पण ती थांबते कुठे! डोळे घट्ट मिटून, एरंडेल घ्यावं तसं, एका दमात तिनं गिलास रिकामा केला. संत्र्याची चकती ओठाला लागून खाली पडली.

मग तिनं डोळे उघडले. ओठ चाटले. पुन्हा चाटले.

"हे तं अंबाडी हाय."

"हो."

"आपल्या वावरातली."

"हो. तुमीच पाठवलेली, संक्रांतीले."

ती तिथेच गौरीपुढे खाली बसली. गिलास मांडीवर. मी विचारलं, "आत्याबाई, तुमी काय समजून पेल्या?"

"दारूच समजली. दुसरं काय समजू? साऱ्या दारू दारू करत गेल्या."

"अन तरी पेल्या?"

तिनं पदर सावरला. "तुह्या सासऱ्यापायी माह्या दारातून बी बाया अशाच उठून जात होत्या. एकदा तं भरल्या ताटावरून उठल्या. तवा माह्या सासूनं घरात जाऊन कडी लावून घेतली. मी बाहेर एकटी उभी." गिलास मांडीवरून खाली ठेवत म्हणाली, "म्या पन आतून कडीले हात लावला होता आता. मंग नाही लावली."

बायांसमोर झाली ती लाज मला लाज वाटेनाशी झाली त्या क्षणी. आता जी वाटली ती वेगळीच होती, आणि ती आजपर्यंत उतरली नाही. जिच्या घराचं दारूनं वाटोळं केलं, त्या बाईनं माझ्यासाठी दारू समजून गिलास तोंडाला लावला. आणि मी तेव्हा काय करत होते, तर तिला पॅसेंजरमध्ये बसवत होते. मी भिंतीला टेकून रडायला लागले. मोठ्यानं, पोरासारखं. रशियन बाईही रडायला लागली, काही न समजताच.

"रडू नको व," आत्याबाई खेकसली. "ते पाहुनी ताटकळून राहिली. तिले कुंकू लाव आधी. सवाशीन हाय ना ते?"

मी डोळे पुसून त्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिच्या रुमालात हरभऱ्याची ओटी घातली. ती एकेक हरभरा तोंडात टाकत बसून राहिली. मग आत्याबाईनं तो जार उचलला आणि मागच्या मोरीत नेऊन ओतला, फळांसकट. रिकामा जार मात्र घासून, पुसून आणून ठेवला. "काच चांगली हाय," म्हणाली.

संध्याकाळी हे शिफ्टवरून आले तेव्हा मी चुलीपाशी होते. मागच्या अंगणात शेगडी पेटली नव्हती. आत्याबाई आत येऊन पाटावर बसली, भिंतीकडे पाहत, जसं काही रोजच बसते.

"पानी दे," ती म्हणाली.

मी माठातून तांब्या भरला, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि प्यायला लागली. घोट घोट ऐकू येत होता. मान वर करून तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.